वळणावरचा दिवा

“लिहा ताई, प्रकाश सहन होत नाही,” ड्रायव्हर म्हणाला. “ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?”

बाईंनी पेन उचललं नाही. बसचालकांचे डोळे दर वर्षी त्यांच्याच छोट्या दवाखान्यात तपासले जात. बाकीचे लोक बाहेर बाकावर बसून तक्त्यावरची अक्षरं एकमेकांकडून पाठ करून घेत आणि मग आत येत. वीस वर्षांत दुखणं लपवणारे चिक्कार पाहिले होते. मागून घेणारा हा पहिलाच.

‘तक्रार’ या रकान्यात ते चार शब्द पडले की याचं स्टिअरिंग सुटलं. मोठ्या रुग्णालयाचा दाखला येईपर्यंत डेपोत बस धुवायच्या, आणि तिथला नंबर लागायचा चार महिन्यांनी. निवृत्तीला राहिली होती दोन वर्षं.

“काका, पुन्हा वाचा.”

त्याने शेवटची ओळ वाचली. तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. बाईंनी त्याची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि बारीक उजेडात आत डोकावल्या. भिंग स्वच्छ, मागचा पडदाही स्वच्छ. छप्पन्नाव्या वर्षी असे डोळे म्हणजे माणसाने मिरवावेत.

“ठणठणीत आहेत.”

“मग गोळा कुठून येतो?”

“कसला गोळा?”

“पांढरा. हा एवढा. समोरून दिवा आला की डोळ्यांपुढे बसतो तो हलत नाही. अर्धं मिनिट ठार आंधळा. सायकलवरून उतरतो आणि कडेला खांबासारखा उभा राहतो.”

“ट्रक येत असेल समोरून.”

“ट्रकचे दिवे पचवले हो आयुष्यभर.” तो खिन्न हसला. “सायकलचा दिवा आहे, ताई. ज्याला सायकलच्या दिव्याने दिसेनासं होतं, त्याच्या मागे पन्नास माणसं बसवायची का? बायको म्हणते, गप्प बसा, दोन वर्षं ढकला. तिचं काय जातं, ती माझ्या बसने जात नाही.”

“कुठे होतं हे? किती वाजता?”

“डेपोत जाताना, सव्वासहाला. अंधारच असतो अजून. ते कालव्याचं वळण नाही का, तिथे.”

बाईंचा हात यंत्राच्या चाकावर थांबला.

सव्वासहाला कालव्याच्या वळणावर त्याही सायकलवर असत. गेल्या वर्षी तिथेच एका मोटारीने त्यांना उडवलं होतं. “दिसलाच नाहीत हो,” मोटारवाला म्हणाला होता. गुडघा तीन महिने प्लास्टरमध्ये. बरा झाल्यावर त्या तडक दुकानात गेल्या आणि सर्वांत झगझगीत दिवा मागितला. “हा रस्त्यासाठी नाही, जंगलात फिरणारे नेतात,” दुकानदार म्हणाला. “मग हाच द्या,” त्या म्हणाल्या. तेव्हापासून कुणी त्यांच्या वाटेला गेलं नव्हतं. समोरचे लोक आपणहून बाजूला होत. एक जण तर रोज चक्क उतरून, मान खाली घालून उभा राही. रस्त्याला अखेर रीतभात कळली, असं वाटून बाई त्याला जाताजाता मानेने नमस्कारही करत.

त्यांनी पेन उचललं, ‘तक्रार नाही’ लिहिलं, खाली ‘निर्दोष’ लिहिलं. आता सही करायची, संध्याकाळी दिव्याचं तोंड खाली वळवायचं, की सुंठीवाचून खोकला गेला.

“दया नको, ताई,” ड्रायव्हर म्हणाला. “तुम्ही काहीही लिहा. मी उद्या चावी ठेवणार. राजीनाम्याचा अर्ज खिशात आहे.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. अंगणात जाऊन सायकलचा दिवा काढून आणला, दार लावलं, खोलीतला उजेड मालवला आणि दिव्याचं बटण दाबलं. भिंतीवरचा तक्ता अक्षरांसकट पांढराफटक झाला.

“हाच का?”

“हाच.” त्याने डोळ्यांवर हात धरला. “तुम्हाला कुठे सापडला?”

“माझाच आहे. वळणावर रोज मीच असते.”

बाईंनी दिवा बंद करून खोली उजळली आणि बोलणी खायची तयारी ठेवली. ती आली नाहीत.

“पण बाकी कुणी तुम्हाला काही बोललं नाही ना?” तो हळूच म्हणाला. “म्हणजे डोळे माझेच अधू असतील.”

या माणसापुढे हात टेकले. त्यांनी दिवा त्याच्या हातात दिला, त्याला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसल्या.

“उजेड मालवा. हँडल असतं तेवढ्या उंचीवरून माझ्या तोंडावर मारा.”

“अहो ताई, काहीतरीच.”

“मारा, काका. तपासणी आहे ही.”

त्याने मारला. मग घाईघाईने दिवा विझवून खोलीतला उजेड लावला.

“वाचा,” तो म्हणाला.

बाईंनी तक्त्याकडे पाहिलं. तक्ता नव्हता. भिंतही नव्हती. पांढरा गोळा होता, एवढा मोठा. मान वळवावी तिकडे तोही वळत होता.

“वरचं मोठं अक्षर तरी?”

“कुठलंच नाही.”

तो मोजू लागला. पंधरा. वीस. पंचविसाला आवाज थांबला आणि कागद टराटरा फाटल्याचं ऐकू आलं. दोनदा, तीनदा.

बाईंनी चाचपडत टेबलावरचा दाखला ओढला. पेन सापडलं, पण सहीची रेघ काही सापडेना. ड्रायव्हरने त्यांचं मनगट धरून कागदावर आणलं.

“थोडं डावीकडे घ्या,” तो म्हणाला. “अजून. हां, आता सरळ जाऊ द्या.”