एका दिवसाचं पाळणाघर

"पोरगं आनलं ना?" अजिनाथने गेटवरच विचारलं.

मरियाने कडेवरचा शलमोन वर सरकवला. डोळ्यांना दिसत होतं, तरी विचारायचं. याच गेटवरून याच सुपरवायझरने मागे एकदा तिला तापाने फणफणलेल्या शलमोनसकट परत पाठवलं होतं, वर त्या दिवसाचा खाडा मांडला होता. 'कंपनीत पोरं चालत न्हाईत' म्हणे. आज चालत होती. आज तर ज्यांना लहान मूल नाही त्या बायकांनाही फर्मान होतं, भावजयीचं आणा, शेजारणीचं आणा, पण न्हाऊ घालून आणा.

"आता नीट ध्यानात ठेव," अजिनाथ आवाज खाली आणून म्हणाला. "पुन्याच्या मॅडम इचारतील. पोरगं रोज हितंच असतं म्हनायचं. दुसरं काय बोललीस तर उद्यापासून घरीच बस पोर सांभाळत."

काम जाऊन चालणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही.

डाळिंबं परदेशी पाठवणाऱ्या त्या पॅकिंग शेडची शेवटची खोली कालपर्यंत पुठ्ठ्याच्या खोक्यांची होती. पण माल घेणाऱ्यांनी अट घातली, कामावरच्या बायकांच्या मुलांची सोय दाखवा, तरच माल उचलू. मग काय, रातोरात पाळणाघर उगवलं. भिंतीवर ससा आला, खाली चटई आली, कोपऱ्यात लोखंडी पाळणा आला. फळीवरच्या खेळण्यांची वेष्टणं फाडू नका, अशी साहेबांची सक्त ताकीद होती. दुकानात परत करायची होती ती. खोकी शेडच्या मागे ताडपत्रीखाली निवांत पडली होती. उद्या त्यांना परत आत यायचं होतं.

ती सोय तपासायला पुण्याच्या मॅडम आल्या. बाई साधी होती, हसून बोलत होती. साहेब तिच्या पुढेपुढे करत होते. पोरांसाठी एक लाल चेंडू तेवढा मोकळा सोडला होता, त्याच्यामागे सगळी पोरं किंचाळत धावली.

शलमोन धावला नाही. त्याने चेंडूकडे डोळे भरून पाहिलं. मग इकडेतिकडे बघितलं, तुरुतुरु पाळण्याकडे गेला, त्याच्या लोखंडी पायाला टेकून बसला आणि आपला उजवा पाय पुढे केला.

रोज घरी करायचा तसाच. मरियाने लगेच ओळखलं.

त्यांच्या घरामागूनच पाट वाहत होता. नवरा, मार्क, दुधाच्या टेम्पोवर गेला की घरात मोठं माणूस उरायचं नाही. शेजारची छबूबाई लक्ष ठेवायची, पण तिचे गुडघे गेलेले, पोरामागे पळणार कशी? म्हणून कामाला निघताना मरिया जुन्या लुगड्याच्या पट्टीने शलमोनचा पाय खाटेच्या पायाला बांधून यायची. आधी तो गल्ली डोक्यावर घ्यायचा. मग रडायचा थांबला. आता तर आईच्या हातात पट्टी दिसली की आपणहून पाय पुढे करायचा. आणि आज त्याला नवी खाट सापडली होती.

"अगं बाई, याला नाही का खेळायचं?" मॅडम वाकून म्हणाल्या. "किती शांत बाळ आहे!"

"सवय झालीय त्याला," साहेब लगेच म्हणाले. "रोज इथेच असतो ना. काय हो बाई? सांगा की मॅडमना, रोज कसा असतो ते."

दारातून अजिनाथ डोळे वटारून बघत होता. मरियाने मान खाली घातली. 'रोज हितंच असतो,' एवढंच तर म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलंही.

"मम्मी," शलमोनने हाक मारली आणि पायावर हात आपटून दाखवला. कुणी बांधत कसं नाही म्हणून तो आता कुरकुरायला लागला होता.

मरियाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने कंपनीचा ॲप्रन ओरबाडून काढला, चटईवर बसली, एक नाडा पोराच्या पायाला बांधला आणि दुसरा पाळण्याच्या पायाला. रोजच्यासारखी दोन बोटं आत घालून गाठ सैल आहे ना ते पाहिलं. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त रंग उडाला.

"ओ बाई, हे काय चालवलंय?"

"तुमीच म्हनला ना, सांगा म्हनून?" मरिया मॅडमकडे बघून म्हणाली. "रोज असा असतो. हितं न्हाई, घरी. खाटंच्या पायाला. तवा मी हितं डाळिंबाला जाळी घालत असते. एकेकाला. खरचटू न्हाई म्हनून."

अजिनाथ दारातून नाहीसा झाला. चेंडू घरंगळत येऊन खोलीच्या मध्यावर थांबला.

शलमोन मात्र आता खुशीत होता. पाय बांधून झाला होता, म्हणजे खेळायला मोकळीक होती. तो ॲप्रन ताणला जाईल तिथवर सरकला, तिथे आपणच थांबला आणि चेंडूसाठी हात पुढे करून सगळ्यांकडे बघून हसला.