जिन्यावरून पडला

माल चढवायच्या लिफ्टची तार तुटली आणि खाली उभ्या असलेल्या गवंड्याच्या पायाचा चेंदामेंदा झाला. त्याच्या बायकोला सुपरवायझरने दवाखान्याच्या दारातच गाठलं.

"वहिनी, घरी जिन्यावरून पडला असं सांगायचं. साहेबांचा निरोप आहे. तुमचं काम साईटवर, खोलीही साईटवरचीच, एवढं ध्यानात ठेवा."

डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा सुपरवायझर तिच्या मागेच उभा होता. तिने सांगायला सुरुवात केली.

"जिन्यावरून..."

"नीट सांगा, ताई. कामावर लागलं असेल तर भरपाई हा यांचा हक्क आहे."

तिने कण्हणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि एका दमात बोलून गेली, "लिफ्ट कोसळली. तार कधीची झिजली होती, सगळ्यांना माहीत होतं."

ती औषधं आणायला निघाली, तसा सुपरवायझरही मागोमाग आला. रिकाम्या व्हरांड्यात त्याच्या बुटांचा आवाज जवळ येत गेला, तशी ती भराभर चालू लागली. त्याने तिला गाठलं, मागेपुढे पाहिलं आणि आवाज खाली आणला.



"बरं केलंत, वहिनी. आता ती लिफ्ट बंद करावी लागेल. उद्यापासून तिथे माझा धाकटा भाऊ उभा राहणार होता."