नव्या बाईकचे टायर

थोरला मुलगा उन्मेष बाईकच्या अपघातात गेला, तेव्हापासून चिखलोलीच्या त्यांच्या सोसायटीत कुणाचीही बाईक सुरू झाली की वृंदाताईंच्या हातातली जपमाळ थांबायची. दसऱ्याला धाकट्या राजसने उन्मेषची होती तशीच बाईक आणली, तर ओवाळायला त्या खाली उतरल्याच नाहीत.

मग कुणीतरी त्या बाईकच्या टायरना भोकं पाडली. राजसने नवे टायर बसवले, त्यांनाही पाडली. तो तक्रार द्यायला निघाला, तशा "थांब, मीही येते" म्हणत वृंदाताई सोबत गेल्या.

"मुद्दाम केलंय हे. सोडणार नाही त्याला," राजस चौकीत म्हणाला.

"दुसऱ्याच्या वस्तूची मुद्दाम नासधूस म्हणजे गुन्हाच. जेल पण होते," हवालदार म्हणाले. "कोणावर डाऊट?"

वृंदाताईंनी पिशवीतून दाभण काढून टेबलावर ठेवलं.

"आई, तू?"

त्यांनी राजसकडे पाहिलं नाही. हवालदारांनाच हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, मला शिक्षा काय व्हायची ती होऊ दे.


पण केस संपेपर्यंत पुरावा म्हणून बाईक तुमच्याकडेच राहील ना?"