सातांचा एक

सगळ्या देशांच्या पक्षिनोंदी त्या सकाळी पहिल्यांदाच एका साच्यात आल्या. उजनी धरणाच्या काठावर बसलेल्या मृण्मयी थत्तेच्या लॅपटॉपच्या पडद्यावर जगात उरलेले सात क्रौंच एकमेकांत मिसळत गेले आणि शेवटी एकच उरला.

"काहीतरी चुकलंय का गं?" तिनं मंगोलियात पक्षिनोंदी ठेवणाऱ्या ओयुनाला फोनवर विचारलं.

"नाही गं. प्रत्येक देशानं त्याला वेगळं नाव, वेगळा क्रमांक दिला होता. आपण सगळे एकाच पक्ष्याकडे बघत होतो." ओयुनाचं बोलणं यंत्रातून मराठीत आलं.

समोर उथळ पाण्यात तो मान उंचावून साद घालत होता. आजवर तो साद घालू लागला की येणारा जोडीदार बिचकू नये म्हणून मृण्मयी लांब जायची. आज ती तिथंच बसून राहिली.

ओयुनानंही फोन ठेवला नाही.