कमी साठ्याचे सेल

सौरगाड्यांच्या शर्यतीच्या नियमाप्रमाणे बॅटरी वीस किलोच्या वर नको, म्हणजे सेल जेमतेम चारशे वीस. बोइपेलोच्या संघात सगळ्यांना जास्त वीज साठवणारे नवे सेल हवे होते. ती एकटीच अडून बसली, "साठा थोडा कमी चालेल, पण चढावर न तापणारे घेऊ." महिनाभर भांडणं झाली. कप्तान ओबाकेंग तर तोंडावर म्हणाला, "आउसी, अगं ताई, तुझ्यामुळे हरलो ना, तर घरी चालत जायचं." शेवटी सेल तिच्याच मनासारखे आले, पण मग तिच्याशी सगळे कामापुरतंच बोलत. एकेक सेल विजेने भरून, रिकामा करून, सारख्या साठ्याचे सेल एकत्र जोडत तिने एकटीने बॅटरी बांधली.

शर्यतीच्या तिसऱ्या दिवशी हॅरिस्मिथजवळच्या चढावर सर्वांत पुढची गाडी बॅटरी तापून बंद पडली. तिच्यात ते नवे सेल होते. बोइपेलोची गाडी तिला मागे टाकून गेली. संध्याकाळी मुक्कामावर ओबाकेंगने तिला खांद्यावरच घेतलं.

तेवढ्यात ती बंद पडलेली गाडी ट्रकवरून आली. तिच्या संघातली एक मुलगी उघड्या बॅटरीपाशी एकटीच बसून राहिली. बोइपेलो खाली उतरली, पाण्याची बाटली घेऊन तिच्याजवळ गेली.

"हे सेल तू निवडलेस?"

"नाही. मी कमी साठ्याचेच मागत होते."

"मग भांडली का नाहीस?"

ती मुलगी कसनुसं हसली, तिच्या भाषेत ताई म्हणत बोलली, "भांडायला समोर कुणीतरी थांबावं लागतं ना, सिसी."