सतरा नंबरची डिस्क

"आता नीट बघा तिच्याकडं," शिवमूर्ती निजामोद्दीनच्या कानाशी लागून म्हणाला.

बानोनं कॉम्प्युटर चालू केला. पेटी गुरगुरली, पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि आपल्यात डिस्कच नाही असं इंग्रजीत सांगून थांबली. रोज हेच. बानोनं दोन-चार बटणं दाबली, एका रकान्यात सतरा हा आकडा टाकला आणि पेटी पुन्हा चालू केली. डिस्क हजर. डाळ मिलचा सगळा हिशेब जागच्या जागी.

शिवमूर्तीनं निजामोद्दीनला दाराबाहेर ओढलं. "रोज डिस्क गायब, आन रोज हिलाच सापडती. ज्यानं लपवलं त्यालाच सापडणार न्हवं? नंबर बी हिलाच ठावं. मी काय येडा हाव?"

"शक नका करू मालक. आधी खोलून तर बघू द्या," निजामोद्दीन म्हणाला. असल्या पेट्या दुरुस्त करायला तो नांदेडहून एसटीनं येई.

लातूर जिल्हा झाला, त्या नव्या जिल्ह्याला शोभावा म्हणून शिवमूर्तीनं मोठ्या हौसेनं कॉम्प्युटर आणला होता. मागोमाग दुष्काळ आला. बाजारात तूर दिसेना, मिलचा पट्टा दिवसदिवस फिरेना आणि मालकाला करायला काम उरलं नाही. रिकाम्या माणसाला संशय फार सुचतात. तो बानोच्या पाठीमागं उभा राहून तिची बोटं बघत बसे. महिनाअखेरीला तिला काढून टाकणार, हे त्यानं मुनिमाला सांगितलं होतं, तेही तिला ऐकू जाईल अशा बेतानं. बानोच्या घरात कमावती ती एकटी. आणि कॉम्प्युटरवर बसवणारी दुसरी नोकरी ती लातुरात कुठून आणणार?

निजामोद्दीननं पेटी फिरवली. झाकणाचे स्क्रू हातानंच सुटले.

"हे कुणी खोललं होतं?"

"हिनंच," शिवमूर्ती म्हणाला.

"मी झाकणाला हात लावत न्हाई," बानो म्हणाली.

आत एका कोपऱ्यात चार पेन्सिल सेल बसवलेले होते. निजामोद्दीननं ते काढून मीटर लावलं आणि मान हलवली. "मेलेत. मालक, पेटी बंद असली की ह्या सेलांवर ती याद ठेवती, आपली डिस्क कोणत्या नंबरची हाय ते. सेल मेले की याद गेली. लाइट गेली की भुलली. डिस्क कुठंच जात न्हाई. पेटीला तिचा नंबर सांगावा लागतो, तेच ही पोरगी रोज करून राहिली."

बानोच्या जिवात जीव आला. पण निजामोद्दीन सेल उलटेपालटे करून बघतच होता.

"पाडव्याला मी निळे सेल टाकून गेलो होतो. हे लाल हायेत. कुणीतरी बदलले."

शिवमूर्तीचा चेहरा उजळला. इतके दिवस जपलेला संशय आता कुठं कामाला येत होता.

"पर्स उघड," तो बानोला म्हणाला.

बानोनं पर्स टेबलावर उलटी केली. रुमाल, कंगवा, घराची किल्ली, अर्धी राहिलेली सुपारीची पुडी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. निजामोद्दीननं नजर खाली घातली.

तेवढ्यात मागच्या खोलीतून धोंडप्पा आले. शिवमूर्तीचे वडील. काखेत ट्रान्झिस्टर, एका मुठीत चार निळे सेल, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर.

"बरं झालं, आज उघडीच हाय," ते म्हणाले. "लई वेळ जातो ते स्क्रू फिरवण्यात."

तिघंही त्यांच्या मुठीतल्या सेलांकडं बघू लागले, म्हणून त्यांनी आपणहून समजावलं. "मृग कोरडा गेला. आता पावसाची बातमी लागली की नेमका आवाज बारीक होतो. आधी मी सेल उन्हात ठेवायचो, पर ऊन लावून बी भरनासे झाले. ह्या पेटीत तर दिवसभर करंट खेळतो. म्हणून रेडिओतले हिच्यात भरायला ठेवतो, हिच्यातले रेडिओला घेतो. हे निळे बी बसले आता. ते लाल भरले असतील, दे."

निजामोद्दीनला हसू आवरेना. तो पेटीत तोंड घालून खोकू लागला.

"अप्पा, सांगायचं तरी," शिवमूर्ती म्हणाला.

"त्यात सांगायचं काय? घरचीच पेटी."

बानो एकेक वस्तू पर्समध्ये परत भरत होती. "चोर सापडला न्हवं, मालक?"

"चोर कुणाला म्हणतीस? घरचं माणूस हाय ते," शिवमूर्ती म्हणाला, आणि असं म्हणाला की जणू चूक बानोचीच झाली.

निजामोद्दीननं नवे सेल बसवले, स्क्रू घट्ट पिळले आणि पेटीच्या पुढचं बारकं कुलूप दाखवलं. "ही किल्ली फिरवली की झाकण निघत न्हाई, बटणं बी चालत न्हाईत. बानोबीकडं द्या. तिला रोज लागंल."

बानोनं हात पुढं केला. शिवमूर्तीनं किल्ली घेतली, थोडा विचार केला आणि अप्पांच्या हातात ठेवली.

"तुमच्याकडंच राहू द्या अप्पा. सकाळी तुम्हीच उघडून देत जावा."

अप्पांनी ती खुशीनं करदोट्याला बांधली. शिवमूर्ती बानोकडं वळला.

"आन तू ध्यान ठेव. उद्या डिस्क गायब झाली, तर मी तुलाच विचारणार."