बाजारातली जागा

१९८६ साली माझ्या लेकीला कम्प्युटर इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. घरात आम्ही दोघीच. फीसाठी अंधेरीच्या मासळीबाजारातली, सासूकडून आलेली माझी बसायची जागा विकावी लागणार होती. शेजारची सगुणा ती घ्यायला तयार, तरी मलाच झापत होती, “येडी झालीस काय गं? जागा रोज जेवू घालते. तो कम्प्युटर काय बोंबील सुकवणार?” माशांची पाटी धुणारी लेक म्हणाली, “आई, नोकरी लागली की तुझी वर्षाची कमाई मी महिन्यात आणीन.” मी सगुणाला होकार दिला. लेकीचा हिशोब खरा ठरला. ती अमेरिकेत स्थिरावली, न चुकता पैसे पाठवते. सगुणा वारली, जागेवर तिची सून बसते. मी रोज एक बांगडा घेते आणि मुद्दाम घासाघीस करते. “मावशी, गिऱ्हाईक खोळंबलंय,” ती ओरडते. मी आणखी एक रुपया कमी करायला सांगते.